झोपवलेलं माणूस

दुपारचे अडीच वाजलेत आणि वृषालीला झोप आली आहे. आली आहे म्हणजे उंबऱ्यापर्यंत आली आहे. आत पाऊल टाकायची तिला परवानगी नाही. कारण शेजारी देवू आहे. देवूचं वय दोन वर्षं दहा महिने. आईचे डोळे मिटले रे मिटले की तिची तर्जनी येते आणि आईची एक पापणी वर उचलते. आत आई आहे का, हे ती वाकून बघते. आहे म्हटल्यावर पापणी सोडते. पाच मिनिटांनी परत तेच.

हे चार महिने चाललंय. रात्री तसंच, दुपारीही तसंच. पोरगी स्वतः झोपत नाही आणि आईलाही झोपू देत नाही, आणि आईला तर नववा लागलाय. कुशीवर वळायचं तरी वृषालीला आधी मनात ठरवावं लागतं.

घरात उपाय करायला कुणी कमी केलं नाही. वृषालीच्या सासूबाईंनी, त्यांना ती आत्या म्हणते, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, जायफळ उगाळून चाटवलं, उशाखाली अंगारा ठेवला. नवऱ्यानं, संग्रामनं, मोबाईलवर पाण्याच्या धारेचा आवाज लावून ठेवला. त्या आवाजानं तो स्वतः तेवढा गाढ झोपला. शेजारच्या काकूंनी निकालच देऊन टाकला, "दुसऱ्याची चाहूल लागली की पहिलं असंच करतं. मत्सर गं, दुसरं काय!" ते सगळ्यांना पटलं. दुसरं कारण कुणाला सुचतच नव्हतं.

बाळंतपणाची आखणी मात्र चोख झालीय. पहिलं सिझर, म्हणून हेही सिझर. तीन आठवड्यांनंतरची तारीख, चार रात्री दवाखान्यात, बॅग भरून कपाटावर. त्या चार रात्री देवूनं आत्यांजवळ झोपायचं, म्हणून मागच्या आठवड्यात त्याची रंगीत तालीमसुद्धा झाली. देवूनं दोन तास दार बडवलं. शेवटी दार उघडलं तर ती तडक आत आली, आईची पापणी उचलून बघितली आणि रडायची थांबली. "हट्टी हाय, बापावर गेलीया," आत्या म्हणाल्या.

आणि काल डॉक्टरबाईंनी वृषालीचा रक्तदाब मोजला, दंडाचा पट्टा सोडला, परत बांधला, परत मोजला. "झोप होत नाही ना? सोमवारपर्यंत उतरला नाही तर मी थांबायची नाही. त्याच दिवशी ऑपरेशन. बाळाला अजून तीन आठवडे आत राहता आलं तर बरं होतं, पण मग मी तुमच्याकडे बघू की त्याच्याकडे?" आज शनिवार आहे.

देवूला दहा मिनिटांत झोपवणारा एक माणूस या घरात होता. आबा, वृषालीचे सासरे. दुपारचं जेवण झालं की ते नातीला बोटाला धरून या मागच्या खोलीत यायचे आणि आतून कडी लावायचे. थोड्या वेळानं सामसूम. आत काय चालतं ते कुणाला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "आमचं आम्हास्नी म्हाईत." चैत्रात ते गेले आणि ती युक्तीही घेऊन गेले. वृषाली त्यांना विचारू शकली नव्हती, कारण चार वर्षांत सासरे तिच्याशी सरळ बोललेच नव्हते. जुन्या वळणाचा माणूस. चहा हवा असला तरी नातीला सांगायचे, "देवू, आईला म्हणावं, आबाला च्या पायजे." देवू तेव्हा पाळण्यात होती.

आज वृषाली त्यांच्याच खोलीत आडवी झालीय, कारण इथं दुपारी ऊन येत नाही. पंखा गरगरतोय. तर्जनी येते, पापणी वर जाते.

पण पापणीपुढं देवू नाही. दवाखान्यातली लांबलचक बाकडी आहेत, त्यांवर बायका बसल्यात, आणि सगळ्यांच्या मांडीवर कागदी नंबर आहेत. वृषालीच्या हातात नंबर नाही. तिला लाज वाटते, नंबर न घेता आपण इतक्या पुढं कशा आलो. शेजारी एक माणूस बसलाय. भर श्रावणात अंगात खाकी स्वेटर, गळ्यात मफलर, हातात तीन सेलची बॅटरी. नगरपालिकेच्या पाण्याच्या मोटारीवर आबा एकतीस वर्षं रात्रपाळी करायचे, तेव्हाचा हा पोशाख तिनं फक्त फोटोत पाहिलाय.

आबा गेलेत हे तिला स्वप्नातही ठाऊक आहे. त्याचं तिला काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की आपण गाऊनवर आहोत, आणि डोक्यावर घ्यायला ओढणीसुद्धा नाही.

"बस गं पोरी, उठू नगंस," आबा म्हणतात. थेट तिलाच म्हणतात.

"आबा, माझा नंबर नाही."

"माझा बी न्हाई. चल."

बाकड्यांखालची फरशी ओली होते. कुठून तरी घरघर ऐकू येते, आणि बायका नाहीत, भिंती हिरव्या तेलरंगाच्या आहेत, खाली जाणारा लोखंडी जिना आहे. ही नदीकाठची मोटारींची खोली. लग्नानंतर एकदा संग्राम तिला इथं घेऊन आला होता, पण तेव्हा जिना इतका खोल नव्हता. आबा पुढं उतरतायत आणि बॅटरी मागं धरतायत, तिच्या पावलांवर.

"शेवाळ हाय. कठड्याला धरून ये."

ती एका हातानं कठडा धरते, एका हातानं पोट. खाली एक लाकडी खुर्ची आहे, त्यावर आबा तिला बसवतात आणि स्वतः एका उलट्या बादलीवर बसतात. दोन मोटारी चालू आहेत. इतक्या आवाजातही त्यांचं हळू बोलणं तिला नीट ऐकू येतं.

"आबा, एक विचारू? तुम्ही देवूला कसं झोपवायचात?"

आबा हसतात. त्यांना हसताना दातांवर हात धरायची सवय होती, तसाच आत्ताही धरतात.

"मी? मी कुठं झोपवत हुतो? तीच मला झोपवायची."

वृषालीला काही कळत नाही.

"एकतीस वर्षं रातपाळी," आबा सांगतात. "रिटायर झालो तर झोपच यीना. रातच्याला न्हाई, दिवसा न्हाई. गोळ्या झाल्या, समदं झालं. तुझ्या सासूच्या आंदणात काशाची वाटी आली हुती. तळपायाला तेल लावून ती घासली की डोळं निवत्यात, म्हणून म्हटलं बघावं. पण गुडघं वाकंनात. मी आपला पाय धरायला धडपडतुया आन् ही बघत बसलीया. उठली, वाटी घेतली हातातनं, आन् लागली घासायला. म्हणती, आबा झोप. मी झोपवते."

"देवू?"

"व्हय. मोजायची बी. एक, दोन, पाच, धा, पाच. आन् मला खरंच झोप लागायची गं. एकतीस वर्षांची लागायची. मी घोरायला लागलो का ती माझ्याच पायावर डोकं टाकून झोपायची. मला झोपवल्याबिगर न्हाई झोपली कंदी."

"मग कडी कशाला लावायचात?"

आबा मान खाली घालतात. "लाज वाटायची. लेकीच्या जातीकडनं पाय घासून घेतुया, बरं दिसतंय का ते? तुझ्या सासूनं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून वाटी बी खाटंखाली दडवायचो."

ते बॅटरीचा झोत आपल्या पायांवर टाकतात. तळवे काळे कुळकुळीत आहेत. काशाची वाटी तेलावर घासली की काळं सुटतंच, अंगातली उष्णता निघते म्हणतात. "मला न्हाऊ घालताना संग्रामनं लई घासलं," आबा म्हणतात. "त्याला वाटलं, मळ हाय. पोरानं साबण संपवला."

वृषालीला हसू येतं. ती विचारते, "मग आता का झोपत नाही ती? झोपवायला तुम्ही नाही म्हणून?"

आबा उठून भिंतीतलं मोठं लोखंडी चाक दोन्ही हातांनी धरतात आणि फिरवायला लागतात. पाणी येईल म्हणून वृषाली पाय वर घेते. पाणी येत नाही. भिंत सरकते आणि पलीकडे त्यांच्याच घराचं अंगण आहे. चपलाच चपला पडल्यात. माणसं दबक्या आवाजात बोलतायत. चैत्रातली ती संध्याकाळ आहे.

त्या दिवशी दुपारी चार वाजता देवू मागच्या खोलीची खालची कडी सरकवून एकटीच बाहेर आली होती. मोठ्या ऐटीत सांगत होती, "आबा झोपले." सगळ्यांनी म्हटलं, झोपू द्या. सहाला आत्या चहा घेऊन गेल्या आणि त्यांच्या हातून कप पडला.

अंगणात देवू उभी आहे. झबल्यातली, चार महिन्यांनी लहान असलेली. ती पांढऱ्या कापडाकडे बघतेय. आणि वृषालीला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, घाईचा, समजुतीचा, पोर भेदरू नये म्हणून मऊ केलेला.

"आबा झोपलेत हं बाळा. त्यांना उठवू नकोस."

देवू विचारते, "झोपलेत तर कुठे नेताय?"

माणसं वाकतात, उचलतात. देवू आपल्या हातांकडे बघते. तेलकट आहेत, काळे आहेत. ती ते पाठीमागं लपवते.

"आई गं," वृषाली म्हणते. "मीच म्हणाले. मीच सांगितलं तिला."

"तू पोरीच्या मायेनं सांगितलंस. आपल्यात समदीच सांगत्यात."

"तिला वाटतं, तिनं झोपवलं म्हणून तुम्ही..."

"व्हय," आबा म्हणतात. "आन् जो झोपतो त्याला उचलून न्हेत्यात. म्हणून ती तुला झोपू दीत न्हाई. मत्सर नव्हं गं त्यो. पहारा हाय."

चाक परत फिरतं, अंगण बंद होतं. मोटारींचा आवाज राहतो. वृषाली खूप वेळ रडते. चार महिने आपण या लेकराला रागावलो, दोनदा चापट मारली, हट्टी म्हणालो, आणि ते लेकरू रात्रंदिवस आपली राखण करत होतं. हे तिला सहन होत नाही. आबा तिला रडू देतात. सासऱ्यांसमोर आपण अशा रडतोय याची तिला लाजही वाटत नाही.

मग जे तिनं संग्रामलाही सांगितलेलं नाही ते ती बोलून जाते.

"आबा, मलाही भीती वाटते. त्या टेबलावर मला झोपवतील. मागच्या वेळी कंबरेखालचंच बधिर केलं होतं, या वेळी रक्तदाब वाढला तर पूर्ण भूल द्यावी लागेल म्हणतायत. मी उठले नाही तर? मग देवूला कोण काय सांगेल? आई झोपली म्हणून सांगतील?"

आबांचा चेहरा गंभीर होतो. खोटा धीर द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हताच, आणि आता तर तशी गरजही उरलेली नाही.

"ते मला ठावं न्हाई पोरी," ते म्हणतात. "मेल्यावर समदं कळतंय आसं काय नसतं. मी पाणी सोडणारा माणूस. रोज पहाटं चारला पाणी सोडायचो. त्येच्या आदी सायकलवरनं गावातनं जायाचो, पाइपाचं व्हॉल बघत. समदं गाव झोपल्यालं आसायचं. दुकानदार, म्हातारी, पोरंबाळं, पोटुशा बाया. आसं वाटायचं का ह्यातलं कोण आता उठत न्हाई. मग पाणी सोडायचो. पंधरा मिंटात पैल्या घरात दिवा लागायचा, मग दुसऱ्या. घागरी वाजायच्या. भांडणं सुरू व्हायची नळावर." ते परत बादलीवर बसतात. "एकतीस वर्षं समदं गाव झोपल्यालं बघितलं आन् उठल्यालं बघितलं. माझ्यासारकं एकांदं न्हाई उठत. बाकीची उठत्यात. म्या मोजल्याती."

वृषाली पोटावरचा हात सैल सोडते.

"देवूनं हे बघितल्यालं न्हाई," आबा म्हणतात. "तिनं एकच बघितलंया. तिला खरं सांग. आन् एकदा तिच्या हातनं झोप. झोपवल्यालं माणूस उठतंय, हे तिला दिसू दी."

"तुम्हीच झोपवा ना मला आबा. फार दमलेय हो."

"आपल्याकडं सासरं सुनंच्या पायाला हात लावत न्हाईत," आबा म्हणतात, आणि परत दातांवर हात धरून हसतात. "तिला सांग. जा. माझी चारची येळ झाली."

ते बॅटरी घेऊन जिन्याच्या मागं जातात. घरघर एकेका मोटारीनं कमी होते. खुर्ची आता खुर्ची नाही, गादी आहे, आणि अंधारात कुठेतरी देवू आहे, तिचा श्वास ऐकू येतोय. वृषाली तिला सांगते, जितक्या मोठ्यानं सांगता येईल तितक्या मोठ्यानं,

"देवू, मला झोपव."

मग तळपायाला काहीतरी थंड लागतं. गोल गोल फिरतं. एक, दोन, पाच, धा, पाच. पाणी सुटल्याचा आवाज येतो, लांबून, सगळ्या गावातून. मग काहीच नाही.

वृषाली डोळे उघडते तेव्हा कुणी पापणी उचललेली नाही. पंखा गरगरतोय, भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झालेत. पावणेदोन तास. चार महिन्यांत ती सलग इतकी झोपलेली नाही. बाळ आत एक सावकाश कूस बदलतं.

पाय बुळबुळीत लागतायत. पोटाच्या पलीकडचं तिला दिसत नाही म्हणून ती कोपरावर रेटून अर्धी उठते. पायाशी देवू बसलीय. मांडी घालून, ताठ. डोळे आईच्या चेहऱ्यावरून हलत नाहीयेत. गादीवर खोबरेल तेलाची बाटली आडवी पडलीय आणि चादरीवर मोठा डाग पसरलाय. देवूच्या दोन्ही मुठींत एक जाड बुडाची वाटी आहे, पिवळट, तेलानं माखलेली. अशी वाटी वृषालीनं या घरात कधी पाहिलेली नाही.

"उठलीस?" देवू विचारते. आवाज अगदी बारीक येतो.

"उठले."

"तू म्हणालीस झोपव. मी झोपवलं."

"मला लागली होती गं झोप. किती छान लागली." वृषाली जपून विचारते, "ही वाटी कुठली?"

देवू एक मूठ सोडून खाटेखाली बोट दाखवते. "आबांची." आणि लगेच हात मागं नेते.

वृषाली ओणवी होते, कशीबशी सरकते आणि लेकीचे दोन्ही हात पुढं ओढून घेते. तेलकट, काळे. ती त्यांचा मुका घेते. स्वतःचा एक पाय हातानं धरून वळवते. तळवा काळाकुट्ट आहे, टाचेपासून बोटांपर्यंत.

"देवू, इकडे बघ. आईनं तुला एकदा चुकीचं सांगितलं होतं. आबा झोपले होते, ते तू झोपवलंस म्हणून झोपले होते. त्यांना फार आवडायचं ते. पण नंतर त्यांचं हृदय बंद पडलं. ते म्हातारे झाले होते, आजारी होते. म्हणून ते मेले. झोपले म्हणून नाही. मेलेला माणूस झोपलेला नसतो बाळा, तो वेगळा असतो. तुझ्यामुळे नाही मेले आबा."

देवू आपल्या काळ्या तळव्यांकडे बघते. "मी घासलं म्हणून नाही?"

"नाही. अजिबात नाही. मलाही घासलंस ना? बघ, उठले की मी."

देवू बघते. आईचं नाक, गाल, उघडे डोळे. तिनं इतका वेळ धरून ठेवलेलं रडू मग येतं, आणि ते हट्टाचं नाही हे आता वृषालीला ओळखता येतं. ती तिला पोटाच्या एका बाजूला जागा करून घेते. स्वयंपाकघरातून आत्यांचा आवाज येतो, "काय झालं गं?" वृषाली म्हणते, "काही नाही आत्या. रडू दे तिला थोडं."

रडून झाल्यावर देवू हुंदके देत देत आडवी होते. चार महिन्यांची झोप तिच्या डोळ्यांत एकदम उतरलीय, पापण्या आपोआप खाली येतायत. तरी ती त्या एकदा ओढून वर घेते आणि आईचं बोट घट्ट धरते.

"आई, मला उठवशील?"

"उठवीन."

"नक्की?"

"नक्की. चहा झाला की हाक मारीन."

देवू बोट सोडून देते आणि झोपते.